खापरपणजोबांचे पदक: झाशी की ब्रह्मदेश?

सापनकाठ:

सर्वांस नमस्कार. माझे माहेर अचलपूर तालुक्यातील एका लहान गावी आहे. आमच्या घराला गावात अजूनही 'पलटणवाल्यांचे घर' म्हणतात, जरी गेल्या तीन पिढ्यांत आमच्यापैकी कोणी सैन्यात गेलेले नाही. मागच्या उन्हाळ्यात जुन्या घराचे माळवद उतरवताना आजीची सांदूक उघडली, तेव्हा तिच्या तळाशी चांदीचे एक पदक आणि लाखेसारख्या लेपाचा काळा-तांबडा गोल डबा अशा दोन वस्तू मिळाल्या. डब्यात आजी कुंकू ठेवत असे, हे मला आठवते. पदक मात्र मी प्रथमच पाहिले.

आमच्या घरात चालत आलेली हकीकत अशी. खापरपणजोबा अचलपूरच्या छावणीतील पलटणीत शिपाई होते. सत्तावनच्या धामधुमीत ते झाशीच्या राणीच्या बाजूने लढले, पुढे तात्या टोप्यांबरोबर मेळघाटात आले आणि अखेर पेन्शन घेऊन गावी राहिले. आजी याशिवाय आणखी एक वाक्य नेहमी म्हणायची: "बुढा बरम्याले गेल्ता, अन् आला तवा घरच्यायनं वयखलाच नाई." हे वाक्य आम्ही मुले हसण्यावारी नेत असू, कारण झाशी कुठे आणि बरमा कुठे. आता पदकावरच्या पट्टीवर इंग्रजीत 'बर्मा १८८५-७' असे स्पष्ट वाचता येते. पुढच्या बाजूस राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा आहे आणि मागे पंख असलेली एक स्त्री बसलेल्या योद्ध्याच्या डोक्यावर पुष्पमुकुट ठेवते आहे. कडेवर काही अक्षरे आहेत, परंतु ती काळवंडलेली आहेत.

घरातील वडीलधारे असेही सांगतात की असे 'बिल्ले' दोन होते आणि मोठ्या दुष्काळात त्यांपैकी एक सोनाराला देऊन ज्वारी आणली. माझे प्रश्न दोन आहेत. झाशी आणि ब्रह्मदेश या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात बसू शकतात काय? आणि एका साध्या शिपायाचे व त्याच्या घरच्यांचे आयुष्य कागदोपत्री शोधावयाचे असल्यास सुरुवात कोठून करावी? आमच्या वंशावळीत फक्त पुरुषांची नावे आहेत. त्यांच्या पत्नीचे नाव कोणालाही ठाऊक नाही, याची खंत मला पदकाच्या कोड्याहून अधिक वाटते.

जुनी पलटण:

ताई, सर्वप्रथम एक विनंती. ते पदक चिंच, राख किंवा कोणत्याही पावडरीने घासू नका. कडेवरची अक्षरे बहुधा उथळ असतात आणि एका घासणीत कायमची जातात. पातळ कागद कडेवर धरून त्यावर शिसपेन्सिल आडवी फिरवा. अक्षरे कागदावर उमटतील. तेथे साधारणपणे शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण हा क्रम असतो.

आपण केलेल्या वर्णनावरून हे १८५४ साली सुरू झालेले 'इंडिया जनरल सर्व्हिस' पदक आहे. वेगवेगळ्या मोहिमांसाठी एकच पदक देऊन त्यावर मोहिमेच्या नावाची पट्टी लावण्याची ती पद्धत होती. तुमच्या पट्टीवरची मोहीम म्हणजे तिसरे इंग्रज-ब्रह्मी युद्ध. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी वरच्या ब्रह्मदेशावर चाल केली, त्याच महिन्याच्या अखेरीस मंडाले घेतले आणि थिबा राजाला पदच्युत केले. त्याला पुढे रत्नागिरीस आणून ठेवले, हे आपल्याकडे बहुतेकांना माहीत असते. राजा दोन आठवड्यांत हाती आला, परंतु देश हाती आला नाही. जंगलांतून आणि नदीकाठच्या गावांतून पुढे काही वर्षे चकमकी चालू राहिल्या आणि त्यासाठी हिंदुस्थानातून पलटणीमागून पलटणी पाठवाव्या लागल्या. त्या मोहिमेत गोळीपेक्षा तापाने आणि पटकीने अधिक माणसे नेली. 'घरच्यांनी ओळखला नाही' हे आजींचे वाक्य मला म्हणूनच अतिशयोक्तीचे वाटत नाही.

आता अचलपूरच्या छावणीविषयी. आज ज्याला परतवाडा म्हणतो, तेथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती आणि जुनी माणसे अजूनही त्या भागाला कॅम्प म्हणतात. ही फौज नावाला निजामाची असली, तरी तिचे अधिकारी इंग्रज होते आणि हुकूम इंग्रजांचाच चालत असे. १८५३ च्या तहाने याच फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे लावून देण्यात आला. म्हणजे वऱ्हाडातल्या कास्तकाराने भरलेल्या शेतसाऱ्यातून या शिपायांचा पगार निघत होता. तुमच्या घरापुरते बोलायचे तर एक हात सारा भरत होता आणि दुसरा हात त्याच साऱ्यातून निघालेला पगार घेत होता. वऱ्हाडच्या इतिहासातील ही गोष्ट आपल्या शाळांतून पुरेशी शिकवली जात नाही, असे मला नेहमी वाटत आले आहे.

झाशीबद्दल मात्र स्पष्ट लिहावे लागेल. वाईट वाटून घेऊ नये. सर ह्यू रोज याने मार्च १८५८ मध्ये झाशीला वेढा घातला, तेव्हा हैदराबाद कंटिंजंटच्या तुकड्या त्याच्या सैन्यात होत्या. झाशी, कोंच, काल्पी या सर्व ठिकाणी त्या राणीच्या विरुद्ध बाजूस उभ्या होत्या. कंटिंजंटचा शिपाई झाशीला होता हे खरे असेल, तर तो तटाच्या आत नव्हे, बाहेर होता. तात्या टोपे यांचा धागाही असाच उलटा असण्याची शक्यता आहे. १८५८ च्या पावसाळ्यानंतर तात्या नर्मदा ओलांडून मुलताईपर्यंत आले होते आणि सातपुड्यातून दक्षिणेत उतरून दख्खन पेटवण्याचा त्यांचा मनसुबा होता. परंतु डोंगरातून उतरणाऱ्या वाटा अडवल्या गेल्या आणि त्यांना पश्चिमेकडे वळावे लागले. 'तात्यांच्या वेळी आमचा माणूस मेळघाटात होता' ही आठवण घाटावरच्या पहाऱ्याची असू शकेल. 'तात्यांच्या वेळी' याचे 'तात्यांबरोबर' व्हायला दोन पिढ्या पुरतात, विशेषतः स्वातंत्र्यचळवळीच्या काळात, जेव्हा इंग्रजांच्या बाजूने लढलो असे सांगणे कोणालाच आवडले नसेल.

राहिला वयाचा प्रश्न. १८५८ साली जो वीस वर्षांचा होता, तो १८८६ साली अठ्ठेचाळीसचा झाला. साध्या शिपायाच्या हुद्द्यावर त्या वयात समुद्रापार मोहिमेवर जाणे जवळजवळ अशक्य वाटते. कडेवर 'शिपाई' हाच हुद्दा निघाला, तर माझा तर्क असा की तुमच्या हकीकतीत दोन माणसे एकत्र झाली आहेत आणि ते बाप-लेक असावेत. जुन्या शिपायांची मुले त्याच पलटणीत भरती होणे ही त्या काळी नित्याची गोष्ट होती. दोन बिल्ल्यांची आठवणही या तर्काला धरून आहे. १८५७-५८ साठी स्वतंत्र पदक होते आणि त्यावर 'सेंट्रल इंडिया' अशी पट्टी मिळत असे. सोनाराकडे गेले ते बहुधा तेच.

माजी तलाठी:

वरील उत्तर लष्करी बाजूने पूर्ण आहे. मी गावाकडच्या कागदांविषयी लिहितो, कारण माझी सारी नोकरी त्यांतच गेली.

ताई, पलटणीच्या कागदांत शिपायाची बायको सापडत नाही. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या संग्रहात पदकांच्या याद्या आहेत, त्यांत नाव मिळेल. पण तेथे एक ओळ मिळते आणि ती पदकाच्या कडेवर जेवढी आहे साधारण तेवढीच. घरचे माणूस शोधायचे तर आपल्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातच जावे लागते.

प्रथम कोतवाल बुकाची नक्कल मागा. गावातील जन्म-मृत्यूची नोंद कोतवालाने ठेवायची ही विदर्भातील जुनी रीत आहे. हल्ली जातपडताळणीसाठी लोक या नकला काढतात, त्यामुळे कर्मचाऱ्यांना शोधण्याची सवय असते. मृत्यूच्या नोंदीत नाव, बापाचे नाव, वय आणि मृत्यूचे कारण मिळण्याची शक्यता असते. नोंदी मोडीत असतील. घाबरू नका, थोड्या सरावाने ठरावीक शब्द ओळखू येतात. 'ताप', 'महामारी', 'म्हातारपण' हे तीन शब्द आले की अर्धे पान वाचून होते. आजोबांच्या जन्माच्या नोंदीपासून मागे मागे जा. जुन्या काळापासून पुढे येऊ नका. तसे येणाऱ्याला एकाच नावाची चार माणसे भेटतात आणि तो आपल्याला हवा तो पूर्वज निवडतो.

दुसरा कागद म्हणजे जमिनीचा. वऱ्हाडात इंग्रजी अमलात मुंबईच्या धर्तीवर पैमाईश, म्हणजे जमिनीची मोजणी, झाली आणि तीस वर्षांच्या मुदतीने साऱ्याची आकारणी ठरली. त्यामुळे पहिली आकारणी आणि फेरआकारणी अशा दोन वेळचे खातेदार ताडून पाहता येतात. आपल्या नागपूर विभागातल्या भावंडांकडे मालगुजारी होती, तेथे कागदांची रचना निराळी आहे. तिकडची पद्धत इकडे शोधत बसू नये. खात्यावर कोणाचे नाव आहे ते नीट पाहा. पुरुष पलटणीत असलेल्या घरांत खाते आईच्या किंवा बायकोच्या नावावर लागलेले मी स्वतः पाहिले आहे. १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखापासून सुरुवात केली तर सर्व्हे नंबर हाती लागतो आणि मग मागचे पेरेपत्रक (पिकांची नोंद) व खाते शोधणे सोपे जाते.

आणखी एक. पैसे घरी कसे येत होते याचा विचार करा. १८८० पासून टपाल खात्यात मनिऑर्डर सुरू झाली. त्याआधीच्या शिपायाला सुटीवर येणाऱ्या गाववाल्याच्या हाती किंवा सावकाराच्या हुंडीने रक्कम पाठवावी लागे. कंपनी सरकारच्या आणि नंतरच्या पायदळातील शिपायाचा पगार बराच काळ महिना ७ रुपये होता आणि १८९५ साली तो ९ रुपये झाला. त्यातच त्याचे जेवणखाण. घरी किती येत असेल याचा अंदाज आपण करू शकता. अशा घराचा संसार वावरावर आणि ते वावर कसणाऱ्या बाईवर चालत होता.

वेळूकाम:

पदकाविषयी मला सांगण्यासारखे काही नाही, डब्याविषयी आहे. मी हस्तकलेच्या क्षेत्रात काम करते. काळा-तांबडा गोल डबा, आत एकावर एक बसणारी एक-दोन तबके आणि वरून खोल झाकण असे असेल, तर तो ब्रह्मी पानाचा डबा आहे. वेळूच्या बारीक कामट्यांचा सांगाडा विणून त्यावर तेथील एका झाडाच्या काळ्या चिकाचे थर देतात आणि प्रत्येक थर वाळवून घासतात. आपण ज्याला लाख म्हणतो ती किड्यापासून मिळते. हा चीक झाडाचा असतो. इरावती नदीकाठचे बगान हे गाव या कामासाठी आजही प्रसिद्ध आहे. विड्याची आवड तिकडे आपल्यासारखीच असल्याने असा डबा शिपायाला घरच्यांसाठी घ्यावासा वाटणे अगदी स्वाभाविक आहे. उन्हात ठेवू नका, आणि झाकण घट्ट बसले असल्यास जोराने उघडू नका, वेळू उकलतो.

सापनकाठ:

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. उत्तर द्यायला चार महिने लागले, कारण अभिलेख कक्षात पाच खेपा घालाव्या लागल्या. जे मिळाले ते क्रमाने लिहिते.

कडेवर पेन्सिल फिरवल्यावर क्रमांक, 'शिपाई' हा हुद्दा, खापरपणजोबांचेच नाव आणि 'हैदराबाद कंटिंजंट' ही अक्षरे उमटली. पलटणीचा आकडा २ आहे की ३, हे झिजेमुळे ठरत नाही. डब्यात खरोखरच दोन तबके निघाली आणि वरच्या तबकाच्या कडेला चुन्याचा पांढरा डाग अजून आहे. म्हणजे आजीच्या कुंकवाआधी त्यात कोणीतरी पान खात होते.

कोतवाल बुकात त्यांच्या मृत्यूची नोंद १९१८ च्या पावसाळ्यानंतरची मिळाली. वय ५८, कारण ताप. ही मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ असावी, कारण त्याच पानावर त्याच महिन्यातील इतक्या नोंदी आहेत की कोतवालाने पुढे पुढे नावाखेरीज काहीच लिहिलेले नाही. नावापुढे 'पेन्शनर' असा शब्द आहे. वयावरून जन्म १८६० च्या सुमाराचा ठरतो. झाशीच्या वेळी ते जन्मलेलेच नव्हते. 'जुनी पलटण' यांचा तर्क खरा ठरला: झाशीला गेलेले ते त्यांचे वडील, आणि आम्ही शंभर वर्षे दोन माणसांना एक समजत आलो.

तलाठीकाकांनी सांगितले ते जमिनीच्या कागदांत सापडले. पहिल्या आकारणीतील खाते थोरल्या शिपायाच्या नावे नसून त्यांच्या पत्नीच्या नावे आहे, आणि नावापुढे 'बेवा', म्हणजे विधवा, असे लिहिले आहे. म्हणजे ते मुलगा लहान असतानाच गेले. फेरआकारणीच्या वेळी खाते त्याच बाईंच्या नावावर कायम आहे, जरी मुलगा तोवर कर्ता झालेला होता. तो पलटणीत होता म्हणून घरची जमीन आई सांभाळत होती, असेच यावरून दिसते. ब्रह्मदेशातून परतलेल्या माणसाला घरच्यांनी ओळखले नाही, असे आजी म्हणायची. ते घरचे म्हणजे ही सासू आणि तिची सून, या दोघी होत.

झाशीच्या बाबतीत मला वाईट वाटले, हे लपवत नाही. लहानपणी शाळेच्या स्नेहसंमेलनात मी राणीचे काम केले होते आणि प्रेक्षकांतून आजोबांनी अभिमानाने सांगितले होते की आमचा पूर्वज तिच्या फौजेत होता. आता ते वाक्य मी माझ्या मुलांना सांगू शकत नाही.

जुनी पलटण:

ताई, आपण चिकाटीने खरे शोधून काढले, याबद्दल मनापासून अभिनंदन.

आकड्याविषयी थोडेसे. १९०३ साली कंटिंजंट मोडून तिच्या सहा पायदळ पलटणी हिंदी सैन्यात सामील केल्या गेल्या आणि त्यांना ९४ ते ९९ असे नवे क्रमांक मिळाले. दुसरी पलटण ९५ वी रसेल्स झाली आणि तिसरी ९६ वी बेरार इन्फन्ट्री. १९२२ मध्ये त्या १९ व्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये गेल्या आणि त्या रेजिमेंटला १९४५ साली कुमाऊं हे नाव मिळाले. आपला आकडा ३ निघाला, तर आपल्या खापरपणजोबांची पलटण आज कुमाऊं रेजिमेंटची दुसरी बटालियन आहे आणि तिच्या नावात 'बेरार', म्हणजे वऱ्हाड, हा शब्द अजूनही आहे. रेजिमेंटचे केंद्र उत्तराखंडात राणीखेतला आहे. तेथे पत्र लिहून पाहण्यास हरकत नाही.

झाशीबद्दल मी इतकेच म्हणेन की, थोरल्या शिपायाने कोणती बाजू निवडली असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्यापुढे निवड कितपत होती हेही पाहावे. छावणी गावापासून दोन-तीन कोसांवर, रोख पगार देणारा दुसरा धनी नाही आणि पलटण जिकडे कूच करील तिकडे जायचे. त्याने राणीविरुद्ध बंदूक धरली हे खरेच आहे आणि ते तसेच सांगावे. परंतु त्याच्या नातवंडांनी ती गोष्ट उलटी करून सांगितली, यात मला खोटेपणापेक्षा लाज अधिक दिसते, आणि ती लाज आपल्या घराला वाटली ही गोष्टसुद्धा घराच्या इतिहासात लिहिण्याजोगी आहे.

माजी तलाठी:

सासूचे नाव खात्यावर मिळाले, हे फार छान झाले. सुनेचे नाव कोतवाल बुकात तिच्या मृत्यूच्या नोंदीत पाहा. बायकांची नोंद पुष्कळदा 'अमक्याची बायको' अशीच असते, तरी एखादा कोतवाल नाव लिहून जातो. तेथेही मिळाले नाही, तर घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीला विचारा, पण 'तिचे नाव काय होते' असे थेट विचारू नका. त्याने आठवत नाही. अक्षय तृतीयेला पितरांच्या घागरी कोणाकोणाच्या नावाने भरता, असे विचारा.

सापनकाठ:

काका, आपल्या सांगण्याप्रमाणे कोतवाल बुक पाहिले. १९२७ मधील नोंद मिळाली, परंतु तीत 'पेन्शनर याची बायको' एवढेच आहे.

त्यानंतर मोठ्या आत्याकडे गेले. ती नव्वदीची आहे आणि आता बरेचसे विसरते. तिला घागरींबद्दल विचारले, तर ती बोटे मोजत एकेक नाव घेऊ लागली: आधी तिचे वडील, मग आजोबा, मग 'पलटणीतला बुढा', आणि त्याच्या लगेच पुढे एका बाईचे नाव, जे आम्ही कोणीही कधी ऐकले नव्हते. मी विचारले, ही कोण? आत्या म्हणाली, "कोन म्हंजे? त्याची बायको. थो बरम्याले होता तवा यीनंच वावर केलं. माही आजी सांगे, मनिऑर्डर आली का ही अचलपूरले पायी जाये अन् पायीच ये." मग तिने सासूचेही नाव घेतले आणि ते खात्यावरच्या नावाशी अक्षरशः जुळले.

वंशावळीच्या वहीत दोघींची नावे मी त्याच संध्याकाळी लिहिली. पदक आणि डबा आत्याला दाखवायला नेले होते. पदक तिने हातात घेऊन परत दिले. डबा मात्र उघडून, वास घेऊन, मांडीवर बराच वेळ ठेवून घेतला.